बदकं असलेल्या शेताच्या मालकांना विनंती

१२ मे

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, स्वतःच्या शिस्तीसाठी.

गावात येऊन पाच आठवडे झाले. ऑफिस फर्निचरच्या कंपनीत चौतीस वर्षं, त्यातली शेवटची नऊ सेल्स प्लॅनिंगचा हेड, आणि आता शेतकरी. चिबा शहरातलं आमचं घर मार्चअखेरपर्यंत भाड्यानं दिलंय. इथल्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्यात. ते खातं बायकोकडे, इकुएकडे. शेत माझ्याकडे.

इकुएची अट: दहा गुंठ्यांतून आम्हा दोघांना वर्षभर पुरेल इतका तांदूळ, म्हणजे एकशेवीस किलो, निघाला तर इथंच राहायचं. नाही निघाला तर मार्चअखेर परत चिबा. पुन्हा विषय काढायचा नाही. मी लगेच हो म्हटलं. शेताचे मालक आणि आमचे शेजारी कुरामोतोसान म्हणतात की या शेतात नुसतं झोपून राहिलं तरी चारशे किलो निघतात. हे माझ्या पद्धतीशी जुळतं.

पद्धत: नांगरायचं नाही, खत नाही, फवारणी नाही, तण काढायचं नाही. निसर्गाला त्याचं काम करू द्यायचं. माणसानं फक्त मॅनेजमेंट करायची.

१९ मे

पोस्टात जाऊन येईपर्यंत कुरामोतोसाननी ट्रॅक्टर घालून सगळं शेत चिखलून ठेवलं. इकुएनं सांगितलं होतं म्हणे. मी शांतपणे तत्त्व समजावलं. ते म्हणाले की तुमची तत्त्वं फार मोठी आहेत, आमच्या डोक्यात मावायची नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं इतक्या मोकळेपणानं कबूल करावं याचं कौतुक वाटलं.

२६ मे

लावणी. तीन ओळी स्वतः लावल्या. मग कंबर. उरलेलं इकुए आणि कुरामोतोसानच्या बायकोनं, हात्सुएसाननी, दीड दिवसात लावलं. मी बांधावर उभा राहून ओळी सरळ येतायत का ते बघितलं. माझ्या तीन सोडल्या तर सगळ्या सरळ आहेत.

९ जून, सकाळी ९

बदकाची वीस पिल्लं कुरियरनं आली. खोक्यावर 'नाजूक' असं लिहिलेलं आणि आतून खोकं ओरडत होतं. भातात सोडायची, ती तण आणि किडे खातात, पायांनी चिखल ढवळतात. बिनपगारी स्टाफ.

निश्चय: यांना नावं द्यायची नाहीत. नोव्हेंबरात ही खायची आहेत. शेतकऱ्यानं भावनेत अडकू नये. फक्त नंबर. क्रमांक ७ मध्ये नेतृत्वगुण दिसतात.

त्याच दिवशी, दुपारी ४

इकुएचं म्हणणं, पिल्लांना आधी टबात थोडं थोडं पाण्याची सवय करावी, नाहीतर पिसं भिजून गारठतात. मी म्हटलं, नदीतल्या बदकांना कोण टब देतं? तीन पिल्लं थेट शेतात सोडली.

क्रमांक ४, ९ आणि १३ हेअर ड्रायरनं सुकवले. पद्धतीत हेअर ड्रायरचा उल्लेख नाही, पण मनाईही नाही.

२१ जून

वीसच्या वीस शेतात. (मधल्या काळात इकुएनं टबाचा कार्यक्रम केला. मी आक्षेप घेतला नाही.) विजेचं कुंपण लावलं होतं ते बंद केलं. निसर्गात तारा नसतात.

२२ जून

क्रमांक ११ आणि १६ कोल्ह्यानं नेले. कुंपण सुरू.

३० जून

दिवसातून चार वेळा इन्स्पेक्शन. मी बांधावर आलो की अठराही बदकं पाण्यातून धावत माझ्यापाशी येतात आणि मान वर करून बघत राहतात. चौतीस वर्षांत डिपार्टमेंटमधल्या एकानंही असं बघितलं नव्हतं. मी प्रत्येक फेरीला मूठभर कणी टाकतो. इकुए म्हणाली की ती आता दिवसभर तुमच्याच कोपऱ्यात उभी असतात, बाकी शेतात जातच नाहीत, आणि तिथलं भात तुडवलं गेलंय. मी सांगितलं, स्टाफला लीडर दिसत राहिला पाहिजे.

४ जुलै

आमच्या वाडीत आमचं सोडून सात घरं. नोटिशींची फाइल घरोघर फिरते. वाचायचं, सहीऐवजी आपला शिक्का मारायचा, शेजारच्या दारात ठेवायची. त्यात नाव कुणाचंच लिहीत नाहीत, ही आपल्याकडची सभ्यता. आजच्या फाइलमध्ये: 'बांधावरचं गवत सर्वांनी वेळेवर कापावं ही विनंती.' शिक्का मारला.

संध्याकाळी कुरामोतोसान नवा कोरा विळा देऊन गेले. कारण काही नाही. इथली माणसं प्रेमळ आहेत. विळा भिंतीवर टांगला, पाहुण्यांना आवडेल.

१६ जुलै

वाडीनं मिळून गवत कापण्याचा दिवस. मी तत्त्व म्हणून कापत नाही, पण सहकार्य म्हणून जवाचा गार चहा घेऊन गेलो आणि सगळे पीत असताना वीस मिनिटं माहिती दिली. कुणी मधे एक शब्द बोललं नाही. कुरामोतोसान शेवटी म्हणाले की तुमच्या शेतात जीवजंतू फार सुखानं नांदतात. हा अभिप्राय मुद्दाम इथं लिहून ठेवतो.

इकुएला पहाटे फिरायला जायची सवय लागलीय. साडेचारला हात्सुएसानबरोबर बाहेर पडते, सातला परत. चांगलं आहे. पण चालताना बघत नाही, गुडघ्यापर्यंत चिखल असतो. मी तिला पक्क्या रस्त्यानं जा असं सुचवलं.

२७ जुलै

ओसाकाहून पाहुणे, निवृत्त शिक्षिका आणि त्यांची बहीण. रिवाजाप्रमाणे इकुएला 'आई' म्हणतात, मला 'बाबा'. त्यांना शेत दाखवलं. अलीकडच्या, मी फिरतो त्या भागात काही रोपं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच झालीयत. जाड, तरतरीत, रंग जरा वेगळा. कुरामोतोसानच्या शेतात असं एकही रोप नाही. खतावर वाढलेल्या भाताला ही उंची येणारच नाही. पाहुण्यांनी फोटो काढले.

अभिप्रायाच्या वहीत दोघींनी पान भरून लिहिलंय: आईंचं उमेच्या आंबट फळांचं लोणचं, आईंचा सोयाबीनचा मिसो, आईंनी शिकवलेलं टोपली विणणं. जागा संपली असावी.

६ ऑगस्ट

फाइल. 'काही शेतांमध्ये तण वाढल्याने लोंब्यांतला रस शोषणारे किडे शेजारच्या शेतांत जात आहेत. दाण्यावर काळे डाग पडले तर सगळ्या वाडीच्या तांदळाची प्रत घसरते. संबंधितांनी विचार करावा.'

वाचून वाईट वाटलं. म्हणजे वाडीत एक जण असा आहे. सातही घरं डोळ्यांपुढे आणली. माझ्या शेताला लागून फक्त कुरामोतोसानचं शेत. वय झालंय, आता झेपत नसणार. पाठीमागे नोटीस काढण्यापेक्षा कुणीतरी आपलेपणानं बोलायला हवं.

निश्चय: हे काम मीच करणार.

७ ऑगस्ट

कलिंगड घेऊन गेलो. आडवळणानं सुरुवात केली, मग म्हटलं, कुरामोतोसान, नोटीस कुणासाठी आहे ते तुम्हाला समजलंच असेल. ते म्हणाले, हो, समजलंय. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, वयाप्रमाणे होतं, काही मदत लागली तर हक्कानं सांगा. त्यांनी मान खाली घातली. कान लाल झाले. खांदे हलत होते. हात्सुएसान तोंडावर पदर धरावा तसा टॉवेल धरून आत गेल्या. माणसाला असं हळवं झालेलं बघवत नाही. मी लवकर निघालो.

८ ऑगस्ट

कुरामोतोसाननी गवत कापायचं मशीन आणून दिलं. पेट्रोल भरून. स्वतःला आता जमणार नाही हे त्यांनी मान्य केलंय असं दिसतं. मशीन जपून ठेवेन.

१४ ऑगस्ट

माझ्या उंच रोपांना लोंब्या आल्या. अख्ख्या वाडीत पहिल्या. कुरामोतोसानच्या भाताला अजून आठवडा आहे. लोंबी जरा पसरट, दाणा बारीक. जात सुधारत असणार. यातलं बी राखून ठेवायचं.

मधली खुजी, पिवळट रोपं उंच रोपांचा उजेड आणि जागा खात होती. तण काढायचं नाही हे तत्त्व, पण दुबळं रोप काढणं म्हणजे तण काढणं नव्हे. चार तास बसून खुजी रोपं उपटली. कुरामोतोसान छत्री घेऊन रस्त्यावर उभे होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी म्हणाले की आज ऊन फार आहे, घरी जाऊन पडा. माझी किती काळजी.

१७ ऑगस्ट

लोंब्या धरल्या की बदकं बाहेर काढायची असतात, असं इकुए सकाळ-संध्याकाळ सांगतेय. माझी बदकं माझ्या लोंब्या खाणार नाहीत. दोन महिन्यांचा विश्वास आहे.

१९ ऑगस्ट

बदकं बाहेर काढली. पोटं गच्च होती. क्रमांक ७ नं माझ्याकडे बघायचं टाळलं. गंमत म्हणजे उंच रोपांना त्यांनी फारसा धक्का लावला नाही, खुज्यांतली जी उरली होती तीच खाल्ली. जनावरालाही चांगला माल समजतो, म्हणून त्यांनी राखून ठेवला.

२६ ऑगस्ट

फाइल. 'बदकं असलेल्या शेताच्या मालकांना विनंती: बी गळण्याआधी तण कापावं.'

म्हणजे वाडीत आणखी कुणीतरी बदकं पाळलीयत. सकाळी सातही घरांमागून चक्कर मारली. दिसली नाहीत. लपवून ठेवली असतील. माझ्या यशामुळे लोक गुपचूप नक्कल करायला लागलेत, हे अपेक्षितच होतं. पण नक्कल अर्धवट केली की असं होतं, तण माजतं.

इकुएला सांगितलं. ती स्वयंपाकघरात हसत सुटली, इतकी की जमिनीवर बसावं लागलं. उठल्यावर तिनंच माझा शिक्का मारला. उन्हाचा परिणाम असावा. पहाटेचं फिरणं कमी कर म्हणून सांगितलं.

१२ सप्टेंबर

मोठी गोष्ट. शेताचा पलीकडचा तिसरा हिस्सा, डोंगराकडचा, जिथं मी लांब पडतं म्हणून कधी जात नाही, तिथलं भात उत्तम आलंय. तण नावाला नाही. लोंब्या वाकल्यात. कुणाचा हात लागला नाही, काही केलं नाही, आणि हे पीक. पद्धत शंभर टक्के सिद्ध झाली. चटईवर बसून तीन पानांचा रिपोर्ट लिहिला. इकुएला वाचून दाखवला. ती पायाला मलम लावत होती, छान आहे म्हणाली.

५ ऑक्टोबर

कापणी. कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सकाळी सातही घरांतून माणसं विळे घेऊन हजर. मी दोन शब्द बोलायची तयारी केली होती. त्याआधीच चौघांनी माझी उंच रोपं बुडापासून कापून प्लास्टिकच्या पोत्यांत भरायला सुरुवात केली. वाळत घालायला नाही. तोंडं बांधून जाळायला.

मी पोत्यांपुढे उभा राहिलो. म्हटलं, हे माझं सगळ्यात चांगलं भात आहे, यातलं बी राखायचं आहे. सगळे थांबले. विळे खाली. कुरामोतोसान समोर आले, टोपी काढली.

"ओकुदाइरासान, ते भात नाही. तण आहे."

मी म्हटलं, उंची बघा.

"उंची तणाचीच असते. भात तुम्ही ऑगस्टात उपटलंत. मी बघत होतो."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं विचारलं.

"विळा दिला. मशीन दिलं. तीनदा फाइल फिरवली. शेवटच्या फाइलमध्ये बदकं म्हणून लिहिलं. वाडीत बदकं एकट्या तुमच्याकडे आहेत. आणखी कसं बोलतात हो?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी पोत्यांपुढून बाजूला झालो.

५ ऑक्टोबर, दुपारी ३

विचार केला. कंपनीत असताना मीच असं लिहीत असे. 'काही सहकाऱ्यांची टेबलं अस्ताव्यस्त असतात.' ते कुणाबद्दल आहे हे त्या सहकाऱ्याला बरोबर समजायचं. समजायचं असं मी धरून चालायचो.

तरीही डोंगराकडचा हिस्सा शाबूत आहे. तत्त्व शाबूत आहे.

१८ ऑक्टोबर

मळणी, भरडणी, वजन. कुरामोतोसानच्या शेडमध्ये. माझा पुढचा दोन तृतीयांश भाग: अकरा किलो. डोंगराकडचा हिस्सा: एकशे अठ्ठावीस. एकूण एकशे एकोणचाळीस. टार्गेट पार.

तिथंच जाहीर केलं: अट पूर्ण. आपण राहतोय. पद्धतीचा विजय.

हात्सुएसान इकुएकडे बघायला लागल्या. इकुएनं हातमोजे काढून पोत्यावर ठेवले.

"अहो, ते तण मी काढलंय. जूनपासून रोज पहाटे, हात्सुएसान आणि मी. वाकून, हातानं."

मी म्हटलं, तू फिरायला जायचीस.

"तुम्ही तसं धरलंत. मी एकदाही म्हटलं नव्हतं."

मग मी विचारलं की तुला तर परत चिबाला जायचं होतं ना, अट तुझीच होती.

"अट घातली तेव्हा वाटलं होतं, महिन्याभरात तुम्हाला कंटाळा येईल आणि आपण घरी जाऊ. मग मलाच इथं करमायला लागलं. माझ्या हातचं खायला माणसं ओसाकाहून येतात. चौतीस वर्षं तुम्ही पेपर वाचत जेवलात, मीठ कमी आहे की जास्त तेही कधी बोलला नाहीत. आणि मी बघत होते की तुम्ही भात घालवणार, आणि मला इथनं उठून जावं लागणार. म्हणून काढलं तण. तुमच्यासाठी नाही काढलं."

शेडमध्ये भरडणीचं मशीन अजून चालू होतं, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नसावं. कुरामोतोसाननी मग मशीन बंद केलं.

१९ ऑक्टोबर

डेलिगेशन. मॅनेजमेंटच्या भाषेत याला डेलिगेशन म्हणतात. योग्य माणूस योग्य हिश्श्यावर.

हे वाक्य सकाळी लिहिलं. आता संध्याकाळी वाचलं. खोडत नाही, पण पुढं काही लिहावंसं वाटत नाही.

९ नोव्हेंबर

बदकांचा दिवस. सकाळी पिंजरे स्वतः गाडीत ठेवले. ठरल्याप्रमाणे भावनेत अडकलो नाही. दुपारी पाहुण्यांसाठी बदकाचा गरमागरम रस्सा. मी फक्त कांद्याची पात खाल्ली. नाश्ता जास्त झाला होता.

सतराच न्यायची होती, एक इकुएनं आधीच वेगळं काढलं होतं. कोणतं ते मी विचारलं नाही. ते मागच्या अंगणात आहे आणि मी तिकडे दिवसातून चार वेळा जातो.

पुढच्या वर्षी कुरामोतोसान आणखी दहा गुंठे द्यायला तयार आहेत. इकुएला. कागदावर तिचं नाव लिहिलं, तिनं तिचा शिक्का मारला. माझा लागला नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी चिबाच्या एजंटचा फोन. भाडेकरूला घर आणखी दोन वर्षं हवंय, महिनाअखेर कळवा. मी फोनवर हात ठेवून इकुएला विचारलं, काय सांगू. ती मुळे सोलत होती. मान वर न करता म्हणाली की माझ्यापुरतं माझं ठरलंय, मी इथंच राहणार. तुमचं तुम्ही बघा, घर तुमच्याच नावावर आहे.

मेपासून या वहीत मी तेच लिहीत आलोय, आपण राहायचं की जायचं. निर्णय माझा आहे असं समजून. एजंटला उद्या सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला.

जेवताना मुद्देसूद बोलायचं ठरवलं होतं. पाहुण्यांचं स्वागत, बंबासाठी लाकडं, हिशेब, अशी मला जमणारी पाच कामं कागदावर काढली होती. कागद खिशातच राहिला. नुसतं विचारलं:

"मी पण राहिलो तर चालेल?"

इकुएनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"विचार करून सांगते," म्हणाली.

चौतीस वर्षं मी सवलत मागणाऱ्या गिऱ्हाइकांना हेच वाक्य सांगत आलो, आणि सवलत कधी दिली नाही. त्याचा अर्थ काय असतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मलाही लागलं नाही. पहिल्यांदाच ऐकल्याबरोबर समजलं.

मुळ्याची भाजी चांगली झाली होती. तसं तिला सांगितलं. मीठ बरोबर आहे, असंही सांगितलं. तिनं आणखी वाढली.

मग उठून शेतावर गेलो आणि बांधावरचं गवत कापायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत एक बाजूही पुरी झाली नाही. हाताला फोड आलेत. उरलेलं उद्या.